भर सभेत जिची थट्टा झाली, तिच्याच शोधावर तेल कंपन्या विहिरी खोदू लागल्या

साल १९२१. अमेरिकेतल्या ॲमहर्स्टमध्ये भूगर्भशास्त्रज्ञांची मोठी बैठक भरली होती. पंचविशीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या जीवाश्मांवरून मेक्सिकोच्या आखाताजवळच्या खडकांचं वय ओळखता येईल. जे. जे. गॅलोवे नावाच्या प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर तिची खिल्ली उडवली. ही कालची पोर आम्हाला काय शिकवणार, असाच सूर होता.

ती पोर म्हणजे एस्थर रिचर्ड्स, लग्नानंतरची एस्थर ॲपलिन.

एस्थरचा जन्म १८९५ चा, ओहायो राज्यातला. वडील अमेरिकी सैन्यासाठी काम करणारे इंजिनियर. अल्काट्राझच्या तुरुंगाचं बांधकाम सुरू होतं, तेव्हा हे कुटुंब त्याच बेटावर राहायला होतं. एस्थर तिथून बोटीने कॉलेजला जायची. बर्कलेत भूगर्भशास्त्र शिकून तिने ह्यूस्टनच्या रिओ ब्राव्हो ऑइल कंपनीत नोकरी धरली.

तेव्हा तेल कंपन्यांची अडचण काय होती?

विहीर खोदताना खालून फक्त खडकाचा चुरा वर येतो. मोठे शंख-शिंपले ड्रिलखाली फुटून जातात. मग आपण नेमक्या कोणत्या थरात आहोत, हे कळणार कसं?

एस्थरने बोट ठेवलं फोरॅमिनिफेरावर. हे समुद्रातले एकपेशीय जीव. त्यांची कवचं बहुतेकदा मोहरीच्या दाण्याहूनही बारीक, त्यामुळे ती ड्रिलमधून शाबूत वाचतात. यातल्या बऱ्याच जाती ठराविक काळातच जगल्या आणि नामशेष झाल्या. म्हणजे दोन लांबच्या विहिरींत त्याच जाती त्याच क्रमाने सापडल्या, तर ते थर साधारण एकाच काळातले. यातून वर्षांचा आकडा थेट मिळत नाही, पण आधीचा थर कोणता आणि नंतरचा कोणता, हे पक्कं कळतं.

थट्टा झाली म्हणून एस्थर थांबली नाही. अल्वा एलिसर आणि हेडविग निकर या दुसऱ्या तेल कंपन्यांत हेच काम करत होत्या. खरं तर या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक. तरी तिघींनी मिळून १९२५ मध्ये टेक्सास आणि लुईझियानाच्या किनारपट्टीखालच्या थरांवर निबंध छापला आणि फोरॅमिनिफेराच्या नावाने थर ओळखून दाखवले. त्यानंतर तेल कंपन्यांमध्ये सूक्ष्म जीवाश्मांच्या प्रयोगशाळा वाढत गेल्या.

आणि गॅलोवे? १९३३ मध्ये त्यांनी स्वतःच फोरॅमिनिफेरावर जाडजूड पुस्तक लिहिलं.

एस्थर १९४४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्यात गेल्या आणि १९६२ पर्यंत तिथे काम केलं. १९७२ साली त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी आपल्या मुंबई हायला तेल लागलं. तिथल्या समुद्राखालच्या चुनखडीचं वय ठरवतानाही हेच बारीक जीव कामी आलेत.