चिंतामण त्र्यंबक खानोलकर

चिंतामण त्र्यंबक खानोलकर (जन्म : ८ मार्च १९३०, मृत्यू : २६ एप्रिल १९७६) हे मराठी कवी, कादंबरीकार, कथाकार व नाटककार होते. त्यांनी आरती प्रभू या टोपणनावाने कवितालेखन केले. त्यांच्या ‘कोंडुरा’ या कादंबरीचा विचार मराठीतील भयसाहित्याच्या संदर्भातही करता येतो.

जीवन

खानोलकरांचा जन्म वेंगुर्ल्याजवळील बागलांची राई या गावी झाला. कुडाळ येथे कुटुंबाची खानावळ होती आणि ती चालवण्याची जबाबदारी तरुणपणीच त्यांच्यावर येऊन पडली. आर्थिक ओढगस्तीच्या या काळातच त्यांच्या कविता ‘सत्यकथा’ मासिकातून प्रसिद्ध होऊ लागल्या. १९५९ साली ‘जोगवा’ हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह प्रकाशित झाला. त्याच सुमारास ते मुंबईस आले आणि त्यांनी काही काळ आकाशवाणीवर नोकरी केली. मुंबईत राहूनही त्यांच्या कथा-कादंबऱ्यांची भूमी प्रामुख्याने दक्षिण कोकणच राहिली. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कादंबऱ्या आणि भय

‘रात्र काळी, घागर काळी’, ‘अजगर’, ‘कोंडुरा’ (१९६६), ‘त्रिशंकू’ व ‘गणुराय आणि चानी’ (१९७०) या त्यांच्या महत्त्वाच्या कादंबऱ्या होत. नियती, पाप, वासना आणि श्रद्धा हे विषय त्यांत वारंवार येतात.

‘कोंडुरा’ हे नाव वेंगुर्ला तालुक्यातील समुद्रकाठच्या एका स्थळाचे आहे. कादंबरीतील परशुरामतात्या या सामान्य गृहस्थाला कोंडुऱ्याकडून एक शक्ती प्राप्त होते आणि हे वरदानच पुढे शापासारखे त्याच्या आयुष्याला ग्रासते.

केवळ भूत-पिशाच्चाच्या उपस्थितीने एखादी कृती भयकथा ठरत नाही. नारायण धारप यांच्या ‘समर्थ’ कथांमध्ये अमानवी शक्ती खरी असते आणि जाणकार पुरुष तिचा बंदोबस्त करतो. त्यामुळे वाचकाला अखेरीस दिलासा मिळतो. ‘कोंडुरा’मध्ये असा त्राता नाही. दिसलेले दैवी की मनाने रचलेले, हा प्रश्न तेथे सुटत नाही. हेन्री जेम्स यांच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ (१८९८) या लघुकादंबरीतही असाच पेच आहे. अशा अनिश्चिततेलाच त्स्वेतान तोदोरोव या समीक्षकाने १९७० साली अद्भुत साहित्याचे मुख्य लक्षण मानले.

तथापि ‘कोंडुरा’तील भय या अनिश्चिततेपुरते मर्यादित नाही. स्वतःला दैवी आज्ञेचा धनी समजणारा माणूस इतरांच्या पापपुण्याचा निवाडा करू लागतो, तेव्हा शक्ती खरी असो वा भासमान, तिचे परिणाम खरेच असतात. या अर्थाने भय हे कादंबरीचे केवळ वातावरण नसून तिचा आशयच आहे. ‘चानी’मध्ये तर अमानवी शक्तीचीही गरज उरत नाही. इंग्रज पुरुषापासून जन्मलेल्या, वेगळ्या रूपाच्या मुलीला गाव ज्या क्रौर्याने वागवते, तेच तेथे भीतिदायक ठरते.

चित्रपट रूपांतरे

व्ही. शांताराम यांनी ‘चानी’ (१९७७) हा चित्रपट काढला. श्याम बेनेगल यांनी ‘कोंडुरा’वर १९७८ साली हिंदीत त्याच नावाचा आणि तेलुगूत ‘अनुग्रहम्’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात परशुरामाची भूमिका अनंत नाग यांनी केली. चित्रपटात परशुरामाला ब्रह्मचर्याच्या अटीवर गर्भपात घडवणारी मुळी मिळते. तिचा उपयोग करताना त्याचा निवाडा चुकतो आणि त्याची किंमत निरपराध स्त्रीला मोजावी लागते.

इतर लेखन व सन्मान

‘एक शून्य बाजीराव’, ‘अवध्य’ व ‘कालाय तस्मै नमः’ ही त्यांची उल्लेखनीय नाटके आहेत. ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे त्यांनी बर्टोल्ट ब्रेख्तच्या नाटकावरून केलेले रूपांतर आहे. ‘नक्षत्रांचे देणे’ या काव्यसंग्रहासाठी त्यांना १९७८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला.