देवी अहिल्याबाई : एका मातेचे स्मरण

गेल्या श्रावणात गोकर्णाची यात्रा आटोपून परतताना जोयडा तालुक्यातील गुंद या रानातल्या गावी एका आप्तांकडे आमचा मुक्काम पडला. बाहेर पावसाची झड लागली होती. तिन्हीसांजेला घरच्या आजींनी देवापुढे सांजवात लावली व हात जोडले. त्यांचा तरणा मुलगा काही वर्षांपूर्वी गेलेला. पण त्यांनी मागणे मागितले ते सर्वांच्या लेकरांसाठी. आम्हां इंदूरकरांना अशा वेळी कोणाची आठवण व्हावी, हे का सांगावयास हवे?

अहिल्याबाईंना आपण देवी म्हणतो, त्यांच्या मंदिरांची व घाटांची यादी मुलांकडून पाठ करून घेतो. मात्र त्या देवीत एक पोळलेली आई होती, हे आपण विसरतो, असे मला नेहमी वाटते.

१७२५ साली चौंडी येथे माणकोजी शिंद्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांनी त्यांना सून करून आणले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. अहिल्याबाई सती जावयास निघाल्या, तेव्हा वृद्ध सासऱ्यांनी पदर पसरून त्यांना मागे फिरविले. त्यांनी ऐकले, म्हणून पुढचा सारा इतिहास घडला.

१७६६ साली मल्हाररावही गेले. गादीवर आलेला एकुलता एक मुलगा मालेराव वर्षाच्या आतच, १७६७ मध्ये वारला. पुत्रशोक ताजा असतानाच राघोबादादा फौज घेऊन माळव्यावर चालून आले. बाईंनी लढाईची तयारी ठेवली, शेजारच्या सरदारांकडे मदत मागितली आणि एका अबलेवर चालून येण्यात पेशव्यांच्या घराण्याची शोभा नाही, हे दादासाहेबांना कळविले. दादा माघारी फिरले. मराठ्यांच्या हातून मराठ्यांचे रक्त सांडावयाचे राहिले.

पानिपतानंतरचा तो काळ मोठा अस्वस्थ होता. १७७३ साली पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पाठोपाठ इंग्रजांशी युद्ध जुंपले, ते १७८२ पर्यंत चालले. तुकोजी होळकर फौजेसह मोहिमांवर असत आणि बाई महेश्वरी बसून राज्य पाहत. रामपुऱ्याच्या चंद्रावतांनी उठाव केला तेव्हा शस्त्र उचलण्यास त्या कचरल्या नाहीत. पण माळव्याच्या रयतेने त्या कारकिर्दीत जी स्वस्थता भोगली, तिची आठवण तिने पिढ्यान् पिढ्या जपली. नर्मदेच्या काठी मातीची शिवलिंगे करून पूजावयाची व नदीत विसर्जन करावयाची, हा लिंगार्चनाचा परिपाठ बाईंचाच. प्रजेच्या कल्याणासाठी केलेली ती प्रार्थनाच होती. काशीविश्वनाथाचे मंदिर त्यांनी पुन्हा उभारले, सोमनाथाला नवे देऊळ दिले; विणकरांना महेश्वरी वसवून त्यांच्या हाताला काम दिले.

परंतु दैवाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. १७९० साली नातू नथ्याबा गेला. दुसऱ्याच वर्षी जावई यशवंतराव फणसे निवर्तले आणि मुक्ताबाई सती जावयास निघाली. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी जी विनवणी केली, तीच आता आईने लेकीस केली. पण लेक ऐकेना. पती गेला, पुत्र गेला. आई गेल्यावर आपण कोणासाठी जगावे, हा तिचा प्रश्न होता. राज्याचा न्याय करणाऱ्या बाईंजवळ त्याला उत्तर नव्हते. चिता पेटली तेव्हा दोघा ब्राह्मणांनी बाईंना धरून ठेवले होते. नंतर तीन दिवस त्यांनी अन्न जवळजवळ घेतले नाही, शब्द उच्चारला नाही. ही हकीकत माल्कमसाहेबाने पुढे माळव्यात चौकशी करून लिहून ठेवली आहे.

त्या चालीपुढे बाईंचेही काही चालले नाही, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्यांचा मोठेपणा त्याने उणावत नाही. चौथ्या दिवशी त्या उठल्या, लेकीची छत्री बांधावयास घेतली आणि पुन्हा कारभार पाहू लागल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांनी देह ठेवला.

आपल्या दुःखाचा सूड त्यांनी कोणावर उगविला नाही. आज जगात जेथे जेथे आया रणात पडलेल्या मुलांसाठी रडत आहेत, तेथे हे आठवावेसे वाटते. गुंदच्या त्या आजींना महेश्वर ठाऊक नसेल; पण त्यांच्या देवघरातली वात मला महेश्वरच्याच घाटावरची वाटली.