फाळक्यांचे तारण

आखाडा बाळापूरला मी बँकेत होतो, तेव्हा पुण्याला सिनेमा शिकायला निघालेल्या एका मुलाचा कर्जाचा अर्ज मी नामंजूर केला. दादासाहेब फाळके म्हटले, की तो हटकून आठवतो.

जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, छपाई, सारे करून झाले. पण सिनेमा शिकवणारी शाळा देशात नव्हती. चाळिशी उलटलेल्या या गृहस्थाने विम्याची पॉलिसी तारण ठेवून १९१२ साली लंडन गाठले, हेपवर्थसाहेबांकडे तंत्र शिकून घेतले. परतल्यावर कुंडीतल्या वाटाण्याची वाढ चित्रित करून भांडवलदाराला दाखवली. (आमच्या भाषेत प्रकल्प अहवालच!) तरी सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळके १९४४ साली नाशिकला वारले. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट निघाली १९६० साली.

त्या मुलाच्या आईनेही पाटल्यांची पुरचुंडी आणली होती. मी ती सोडायलाही सांगितली नाही.