राजा रविवर्मा

जुन्या वळणाच्या घरांतून, देवघरात किंवा माजघराच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत बसविलेली लक्ष्मी व सरस्वती यांची चित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी आणि खडकावर बसून वीणा वाजविणारी सरस्वती यांची ती रूपे आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत की, या देवता पुराणकाळापासून अशाच दिसत आल्या असाव्यात, असे वाटावे. वास्तविक हे रूप त्यांना दिले ते एकोणिसाव्या शतकातील एका केरळीय चित्रकाराने. हा चित्रकार कोणत्याही कलाशाळेत गेला नव्हता.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. त्यांचे वडील संस्कृतचे व्यासंगी होते, आई कवयित्री होती, आणि घराण्याला कथकलीचा नाद होता. भिंतींवर कोळशाने चित्रे काढणाऱ्या या मुलाला शिक्षा न करता त्याच्या मामांनी, राजराजवर्मा यांनी, त्याच्या हाती कुंचला दिला, असे सांगतात. हे मामा स्वतः तंजावरी पद्धतीने चित्रे काढीत. १८६२ साली, रविवर्मा चौदा वर्षांचे असताना, मामांनी त्यांना तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले. महाराजांनी त्यांना राजवाड्यात चित्रे पाहण्याची व काढण्याची मुभा दिली.

तेथे त्यांनी प्रथमच युरोपीय तैलचित्रे पाहिली. आपल्याकडील पाण्यात कालविलेले रंग तत्काळ वाळतात. पण जवसाच्या तेलात घोटलेला रंग बराच वेळ ओला राहतो. त्यामुळे एका छटेत दुसरी छटा मिसळून गालाची गोलाई, रेशमाची झळाळी आणि मोत्याचे पाणी हुबेहूब उतरविता येते. ही विद्या तिरुवनंतपुरमात अवगत होती ती दरबारचे चित्रकार रामस्वामी नायकर यांना. रविवर्मांनी त्यांच्याकडे ती मागितली, परंतु नायकरांनी साफ नकार दिला. उद्या हाच मुलगा आपला प्रतिस्पर्धी होईल, ही भीती त्यांना वाटली असावी. आणि ती अगदीच अनाठायी होती, असेही म्हणवत नाही! नायकरांचा आरुमुखम पिळ्ळै नावाचा एक शिष्य मात्र गुरूंच्या नकळत येऊन चार गोष्टी सांगून जाई, अशी आख्यायिका आहे.

पुढे १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय व्यक्तिचित्रकार महाराजांची तसबीर रंगविण्यासाठी आला. त्यानेही शिकविण्याचे नाकारले. महाराजांच्या शब्दाखातर त्याने एवढेच मान्य केले की, आपण काम करीत असता या तरुणाने जवळ उभे राहून पाहावे. रविवर्मा उभे राहिले. कोणता रंग आधी लागतो, कोणता मागाहून, कुंचला कोठे दाबला जातो आणि कोठे नुसता फिरतो, हे त्यांनी डोळ्यांत साठविले आणि एकांतात पुनःपुन्हा करून पाहिले. कितीतरी फलक बिघडले असतील, किती रंग वाया गेले असतील! गुरूवाचून शिकणाऱ्याला प्रत्येक चूक स्वतःच करावी लागते व स्वतःच ओळखावी लागते.

राजघराण्याशी नाते असलेल्या पुरुषाने मोबदला घेऊन चित्रे काढणे त्या काळी कमीपणाचे मानीत. तरीही १८७० साली मूकांबिकेचे दर्शन घेऊन रविवर्मांनी हा व्यवसाय पत्करला आणि कालिकत येथील एका न्यायाधीशाच्या कुटुंबाचे चित्र रंगविले. १८७३ साली केसांत मोगऱ्याची वेणी माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. मग राजेरजवाडे आणि इंग्रज अधिकारी यांच्याकडून मागण्या येऊ लागल्या.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध जुळला तो १८८० च्या पुण्याच्या प्रदर्शनामुळे. तेथे त्यांच्या चित्राला गायकवाडांचे सुवर्णपदक लाभले. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी गृहस्थ पूर्वी त्रावणकोरचेही दिवाण होते. पुढच्याच वर्षी सयाजीराव गायकवाड यांच्या राज्याधिकारग्रहणाच्या वेळी रविवर्मा बडोद्यास आले आणि १८८८ साली सयाजीरावांनी त्यांना रामायण-महाभारतातील चौदा प्रसंग रंगविण्यास सांगितले.

येथे एक अडचण उभी राहिली. सीता, द्रौपदी, दमयंती यांना नेसवावे काय? केरळी मुंडू नेसविले तर पंजाबी मनुष्याला ती आपली वाटणार नाही. घागरा घातला तर दाक्षिणात्याला ती परकी वाटेल. रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराजवर्मा उत्तर हिंदुस्थानच्या यात्रेस निघाले. साऱ्या देशाला मान्य होईल असा एकच प्राचीन वेष सापडावा, ही त्यांची अपेक्षा. पण तसा वेष कोठेच नव्हता. अखेर त्यांनी साडीचा आश्रय केला. दख्खनी लुगड्याचा डौल त्यांच्या मनात भरला होता, आणि त्यांच्या अनेक नायिका काठपदरी लुगडी ल्यायलेल्या आढळतात. कथा संस्कृत, वस्त्र मराठी, चेहरा मलबारी आणि रंगविण्याची रीत युरोपीय, असा हा संगम होता. विविध प्रांतांच्या अकरा स्त्रिया एकत्र बसलेल्या त्यांच्या वादनमंडळाच्या चित्रात हीच दृष्टी दिसते. १८९३ साली त्यांची दहा चित्रे शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गेली व दोन पदके घेऊन आली. स्वतः ते मात्र परदेशी कधीच गेले नाहीत.

राजवाड्यातील चित्र सामान्य माणसाला कसे दिसणार? या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात, असे माधवरावांनी पूर्वीच सुचविले होते. १८९४ साली रविवर्मांनी मुंबईजवळ घाटकोपरला छापखाना घातला. यंत्रे व कारागीर जर्मनीहून आणले. प्रत्येक रंगासाठी निराळा शिळापट तयार करून एकावर एक ठसे उमटवावे लागत. एक ठसा केसभर सरकला की चित्र बिघडले. प्रती घरोघर गेल्या. ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे जाण्याची बंदी होती, त्यांच्याही झोपडीत देव आले. पण व्यवहारात रविवर्मांचे गणित चुकले. मुंबईत प्लेग पसरला, कर्ज वाढले. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलवावा लागला आणि अखेरीस तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकणे भाग पडले. चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके यांनीही काही काळ या छापखान्याशी संबंधित काम केले होते.

बंगालच्या नव्या संप्रदायातील कलावंतांनी आणि टीकाकारांनी रविवर्मांच्या कलेस नाटकी व पाश्चात्त्यांची उसनी म्हणून हिणविले. काही छापील चित्रे भडक आहेत, हे कबूल केले पाहिजे. मूळ रंगांतील नाजूकपणा दगडाच्या ठशात उतरला नाही. परंतु बडोद्याला किंवा म्हैसूरला मूळ तैलचित्रापुढे क्षणभर उभे राहिल्यास ही टीका एकांगी वाटू लागते.

१९०४ साली त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. त्याच सुमारास म्हैसूरच्या महाराजांनी नऊ पौराणिक चित्रांची मागणी केली. काम चालू असतानाच, १९०५ च्या जानेवारीत, राजराजवर्मा निवर्तले. प्रवासात, हिशेबात आणि चित्रांच्या पार्श्वभूमी रंगविण्यात आयुष्यभर साथ देणारा भाऊ गेला. मधुमेहाने जर्जर झालेल्या रविवर्मांनी म्हैसूरची चित्रे तशाही स्थितीत पुरी केली आणि ते किळिमानूरला परतले. २ ऑक्टोबर १९०६ रोजी तेथेच त्यांचे देहावसान झाले.