काल्पनिक खंड काढणारा शास्त्रज्ञ : व्लादिमिर कोपेन



आपली मुले वहीच्या मागच्या पानांवर काल्पनिक राज्यांचे नकाशे काढतात, हे आम्ही नेहमी पाहतो. एका बाजूला बर्फाचा किल्ला, त्याला लागून वाळवंट, पलीकडे घनदाट जंगल. पुष्कळ घरी हा वेळेचा अपव्यय समजला जातो. म्हणून या अंकात अशा एका थोर शास्त्रज्ञाचा परिचय देत आहोत, ज्यांनी जगाचे हवामान समजावण्यासाठी स्वतःच एक काल्पनिक खंड कागदावर उतरवला.

अकरावीच्या भूगोलात हवामानाचे प्रकार ए, बी, सी, डी, ई या अक्षरांनी शिकवले जातात. ती पद्धत व्लादिमिर कोपेन यांची. त्यांचा जन्म २५ सप्टेंबर १८४६ रोजी रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे एका जर्मन वंशाच्या घराण्यात झाला. वडील पीटर कोपेन नामांकित भूगोलतज्ज्ञ होते. व्लादिमिर यांचे बालपण काळ्या समुद्राकाठच्या क्रिमियात गेले. दक्षिण किनाऱ्यावर घर आणि डोंगरापलीकडे सिम्फेरोपोल शहरात शाळा. किनाऱ्याची उबदार हिरवाई डोंगरावर चढताना बदलत जाई आणि पलीकडे उतरल्यावर गवताळ मैदान लागे. एवढ्याशा अंतरात झाडे का बदलतात, हा प्रश्न या मुलाच्या मनात घर करून राहिला.

पुढे त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला आणि उष्णतेचा वनस्पतींच्या वाढीवर होणारा परिणाम या विषयावर १८७० मध्ये लाइप्झिग येथे डॉक्टरेट मिळवली. १८७५ मध्ये ते जर्मनीत हँबर्गच्या सागरी वेधशाळेत रुजू झाले. तेथे जहाजांसाठी वारे व वादळे यांचा अभ्यास हे त्यांचे काम होते. वरच्या हवेची माहिती मिळावी म्हणून ते पतंगांना उपकरणे बांधून आकाशात सोडत. १८९० मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी ढगांचा सचित्र संग्रहही प्रसिद्ध केला.

परंतु लहानपणीचा प्रश्न सुटला नव्हता. १८८४ मध्ये त्यांनी उष्णतेच्या पट्ट्यांचा जगाचा नकाशा तयार केला. त्या काळी सर्व ठिकाणी वेधशाळा कोठून असणार? कोपेन यांनी ओळखले, की झाड हेच निसर्गाचे मोजमाप यंत्र आहे. जेथे जे उगवते, त्यावरून तेथील ऊन-पावसाचा अंदाज येतो. म्हणून त्यांनी वनस्पतींच्या सीमांना तापमान आणि पावसाच्या आकड्यांची जोड दिली. सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तापमान १८ अंशांच्या वर असेल, तर उष्ण कटिबंधीय ए. सर्वांत उष्ण महिनाही १० अंशांच्या खाली राहत असेल, तर तेथे वृक्ष वाढत नाहीत, तो ध्रुवीय ई. १९०० मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली, १९१८ मध्ये ती सुधारली आणि नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना १९३६ मध्ये पुन्हा मांडली. आपलेच काम तपासण्याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही.

आता त्या काल्पनिक खंडाकडे येऊ. खऱ्या खंडांचे आकार वेडेवाकडे असल्याने नियम चटकन दिसत नाही. म्हणून कोपेन यांनी जगातील सर्व जमीन जणू एकत्र करून, उत्तरेकडे रुंद व दक्षिणेकडे निमुळता असा एकच खंड कल्पिला. आकार सलगमासारखा, म्हणून जर्मन लोक त्याला कोपेनचे सलगम म्हणू लागले. या खंडावर मनाला येईल तेथे वाळवंट ठेवता येत नाही. विषुववृत्ताजवळ पावसाची जंगले येतात. वीस-तीस अंशांवर पश्चिम किनाऱ्याला वाळवंट येते, पण त्याच अक्षांशावर पूर्व किनारा ओला राहतो. त्याहून वर पश्चिमेला हिवाळी पावसाचा पट्टा लागतो. थेट समुद्रावरून वारे येतात तेथे थंडी सौम्य असते आणि खंडाच्या आत ती कडाक्याची होते. खंड काल्पनिक, परंतु नियम खरे.

त्यांची कन्या एल्से हिचा विवाह १९१३ मध्ये अल्फ्रेड वेगनर यांच्याशी झाला. खंड सरकतात, असे सांगणारे वेगनर ते हेच. या कल्पनेबाबत सासऱ्यांना आधी शंका होती, पण पुरावे पाहून त्यांनी जावयाला साथ दिली. स्पिट्सबर्गेनसारख्या बर्फाळ बेटावर दगडी कोळसा सापडतो, म्हणजे तेथे कधी काळी दाट झाडी होती. १९२४ मध्ये दोघांनी मिळून पृथ्वीच्या प्राचीन हवामानावर ग्रंथ प्रकाशित केला. त्यात सर्बियाचे मिलांकोविच यांच्या हिमयुगाच्या गणितालाही स्थान होते. हिमयुगासाठी कडक हिवाळ्यापेक्षा थंड उन्हाळा महत्त्वाचा, कारण तेव्हाच जुना बर्फ वितळायचा राहतो, ही दिशा मिलांकोविच यांना कोपेन यांनीच दाखवली होती.

१९३० मध्ये वेगनर ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावले. या आघातानंतरही वयोवृद्ध कोपेन यांनी लेखणी खाली ठेवली नाही. रुडॉल्फ गायगर यांच्या सोबतीने त्यांनी हवामानशास्त्राच्या विशाल ग्रंथमालेचे संपादन चालू ठेवले. २२ जून १९४० रोजी ऑस्ट्रियातील ग्राझ येथे त्यांनी जगाचा निरोप घेतला. ग्रंथमाला अपूर्ण राहिली, पण गायगर यांनी पुढे सुधारलेली त्यांची पद्धत आजही जगभर वापरली जाते.

मुलांनो, मे महिन्यात आपण कोकणात आजोळी जाता तेव्हा घाट उतरताना जरूर लक्ष द्या. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि पूर्वेला सोलापूरकडे जेमतेम सात-आठशे. सह्याद्री मध्ये उभा आहे, एवढेच कारण. क्रिमियाच्या त्या मुलाने पाहिले ते आपल्यालाही दिसू शकते.

आणि काल्पनिक राज्य अवश्य रचा. फक्त नकाशा काढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : हे राज्य कोणत्या अक्षांशावर आहे? समुद्रावरचे वारे कोणत्या दिशेने येतात? वाटेत डोंगर कोठे आहेत? उत्तरे मिळाली की जंगल, वाळवंट आणि शेती आपापल्या जागी बसतील, आणि तेथील लोक काय पिकवतात, काय खातात, घरे कशी बांधतात तेही सुचू लागेल.

पालकांना नम्र विनंती, की पुढच्या वेळी वहीच्या मागे असा नकाशा दिसला, तर रागावण्याआधी हे तीन प्रश्न आपणही विचारून पाहावेत.