संत डॉन बॉस्को : मुलांचे खरे गुरू

ज्युबिलीनिमित्त आपल्या मुलांच्या शिक्षणाचा विचार करू लागलो असता आमच्या डोळ्यांसमोर जी मूर्ती उभी राहते, ती संत योहान बॉस्को यांची होय. त्यांचे अल्प चरित्र येथे सादर करीत आहोत.

इटलीतील पिएडमाँट प्रांतात, बेक्की नावाच्या वाडीत, 16 ऑगस्ट 1815 रोजी एका गरीब शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वयाची दोन वर्षे पुरी होण्याआधीच पितृछत्र हरपले. माता मार्गारिता हिने काबाडकष्ट करून मुलांस वाढविले. डोंबाऱ्यांच्या कसरती पाहून योहान त्या शिकला आणि गावकऱ्यांस करून दाखवू लागला. मोबदला एकच : सर्वांनी मिळून रोझरीची प्रार्थना म्हणावी! पुढे शिंपी, लोहार व कॉफीचे दुकानदार यांच्याकडे काम करीत त्याने विद्या संपादिली. कष्ट व विद्या यांची गाठ त्याच्या जीवनात अशी लहानपणीच पडली.

5 जून 1841 रोजी त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्या काळी तुरीन शहरात खेड्यांतून आलेली शेकडो पोरकी मुले मजुरी करीत भटकत असत, व त्यांतील कित्येक अखेरीस तुरुंगाची वाट धरीत. त्याच वर्षी 8 डिसेंबरला, पवित्र मरियेच्या सणादिवशी, बार्थोलोम्यू गारेल्ली नावाचा एक अनाथ मुलगा त्यांस चर्चमध्ये भेटला. त्यास ना वाचता येई, ना लिहिता. तेव्हा शीळ तरी घालता येते काय, असे डॉन बॉस्को यांनी विचारले, आणि मुलगा हसला. त्या हास्यातूनच पुढील सारे कार्य उभे राहिले.

1846 च्या ईस्टरला वाल्दोक्को येथील एका छपरीत त्यांच्या मुलांस कायमचा आसरा मिळाला. त्याच वर्षी माता मार्गारिता तेथे येऊन त्या मुलांचीही आई झाली. दिवसा मुले गावातील कारागिरांकडे राबत. तेथे मारहाण व पिळवणूक होई. म्हणून डॉन बॉस्को यांनी धन्यांशी लेखी करार केले : मुलास फक्त त्याचा धंदा शिकवावा, चूक झाल्यास शब्दांनी सुधारावे, हात उगारू नये, सणवारी सुटी द्यावी. एवढ्यानेही समाधान न होऊन 1853 साली त्यांनी घरातच चांभारकाम व शिवणकाम सुरू केले. मागून पुस्तकबांधणी, सुतारकाम, छापखाना व लोहारकाम यांची भर पडली.

तथापि केवळ कारागीर घडविणे हा त्यांचा हेतू नव्हता. कामाच्या जोडीस रात्रीचे वर्ग, गायनवादन, नाटके, खेळ, पायी सहली आणि प्रार्थना असत. नवी दशमान मापे प्रचारात येण्याच्या सुमारास, 1849 साली, त्यांनी त्यांवर सोपे पुस्तक लिहिले. इतकेच नव्हे, तर मुलांकडून त्या विषयाचे नाटकही करविले. 1854 साली तुरीनमध्ये पटकीची साथ आली, तेव्हा याच मुलांपैकी कित्येक स्वखुशीने रोग्यांच्या शुश्रूषेस गेली व सुखरूप परतली. शिक्षण अंतःकरणापर्यंत पोहोचल्याची याहून मोठी साक्ष कोणती?

विवेक, धर्म व प्रेमळपणा या तीन पायांवर त्यांची शिक्षणपद्धती उभी होती. ती त्यांनी 1877 साली लिहून ठेवली. मुलांवर नुसते प्रेम करून भागत नाही, ते त्यांस कळलेही पाहिजे, हे तिचे सार. 31 जानेवारी 1888 रोजी ते प्रभूच्या भेटीस गेले. 1934 साली त्यांस संतपद मिळाले. त्यांनी स्थापिलेल्या सालेशियन संघाचे धर्मगुरू 1906 साली भारतात आले. मुंबईत माटुंग्याची त्यांच्या नावाची शाळा आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे.

धर्मग्रामस्थहो, हे लिहिताना आमचे मन आम्हांसच टोचते. निकालपत्र घेऊन आलेल्या मुलांस आम्हीही आधी गुणच विचारले आहेत. एखादा मुलगा लाकूडकामात रमतो असे ऐकले की आईबापांचा चेहरा उतरतो, आणि आम्हीही गप्प राहिलो आहोत. देवपुत्र नाझरेथ येथे सुताराच्या घरी वाढला, याचा आपणांस विसर पडला की काय? ज्याला काहीच येत नाही असे वाटते, त्यासही शीळ घालता येत असेल. तेवढे विचारण्याचे प्रेम आपणांपाशी हवे. संत योहान बॉस्को यांच्या मध्यस्थीने ते आपल्या घरांस व शाळांस लाभो, हीच या ज्युबिलीच्या वर्षी आमची प्रार्थना.