दहा शिलिंगांची सही

सॉलोमन लिंडा यांचा जन्म 1909 साली दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात एका गरीब झुलू कुटुंबात झाला. लिहिता-वाचता येत नव्हते. पोटासाठी ते जोहान्सबर्गला आले आणि गॅलो या रेकॉर्ड कंपनीत रेकॉर्ड भरण्याचे काम करू लागले. रात्री साथीदारांसह गात. 1939 मध्ये त्याच कंपनीच्या स्टुडिओत त्यांनी ‘म्बुबे’ म्हणजे ‘सिंह’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. गाणे तुफान गाजले. हक्कांपोटी लिंडा यांच्या हाती दहा शिलिंग पडले.

कागद होता, सहीही होती. पण ज्याला कागद वाचता येत नाही आणि नाही म्हटले तर ज्याची रोजीरोटी जाते, त्याची सही म्हणजे संमती नव्हे!

पुढे हे गाणे अमेरिकेत गेले. तिथे नव्या शब्दांत, नव्या नावाने 1961 मध्ये ते लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. पुढच्याच वर्षी लिंडा वारले. त्यांच्या बँक खात्यात 25 डॉलरही नव्हते. कबरीवर दगड बसवायला कुटुंबाला अनेक वर्षे लागली. 1994 च्या ‘द लायन किंग’ चित्रपटातही हे गाणे आले.

मात्र ब्रिटिशांच्या 1911 च्या कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर 25 वर्षांनी हक्क वारसांकडे परत येत होते. याच आधारावर 2004 मध्ये खटला उभा राहिला. 2006 मध्ये तडजोड झाली, लिंडा यांचे श्रेय मान्य झाले आणि वारसांना मानधन मिळू लागले. लिंडा यांना जाऊन तेव्हा 43 वर्षे झाली होती.

आपल्या चळवळीतले शाहीर, गायक, ढोलकीवाले, कोरसमध्ये गाणाऱ्या भगिनी यांनी हे चरित्र ध्यानात ठेवावे. आपल्याकडेही हक्क लेखी कागदाशिवाय हस्तांतरित होत नाहीत. कागदात मुदत नसेल तर कायदा पाच वर्षेच धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच. 2012 च्या दुरुस्तीने गायक-वादकांनाही व्यावसायिक वापरातील मानधनाचा वाटा दिला आहे.

म्हणून ध्वनिमुद्रणाआधी लेखी करार करा. कोणते गाणे, कशासाठी, किती काळ, किती मोबदला, नाव कुठे येणार, हे सारे मराठीत वाचून घ्या, एक प्रत घरी ठेवा. गाणे आपल्याच माणसाने काढलेले असले तरी साथीदाराची परवानगी कागदावर घ्या. समतेची गाणी गाणाऱ्यांनी निदान आपल्या ढोलकीवाल्याला तरी फसवू नये.